व्हँकुव्हरचं ऑलिम्पिक आणि आमचे एसटीवाले बाबा

2010 च्या फेब्रुवारीत आम्ही व्हँकुव्हरला विंटर ऑलिम्पिक बघायला गेलो होतो असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं सांगायचं तर बारा दिवसांत आम्ही मॅच बघितली एक, ती पण कर्लिंगची. बाकी सगळा वेळ ट्रेन, बस, बोट, रांगा. आणि कारण एकच, आमचे बाबा. एसटीत 34 वर्षं, शेवटची बरीचशी नाशिकला वाहतूक नियंत्रक म्हणून. त्या हिवाळ्यात ते माझ्याकडे टोरांटोला आले होते, व्हँकुव्हरजवळ सरेला मावसभाऊ राहतो, म्हणलं चला.

विमानतळावरून बाहेर आलो तर समोरच कॅनडा लाईन या मेट्रोचं स्टेशन. ही लाईन ऑगस्ट 2009 मध्ये चालू झालेली, म्हणजे खेळांच्या सहा महिने आधी, शहराच्या मध्यभागी वॉटरफ्रंट स्टेशनला 25-26 मिनिटांत सोडते. बाबा पुढच्या काचेजवळच्या सीटवर जाऊन बसले, गाडी सुटली आणि दोन मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की पुढे ड्रायव्हरच नाहीये. "अरे, चालक कुठंय?" म्हणलं बाबा, ऑटोमॅटिक आहे. "आणि वाहक?" तोही नाही. तिकीट मशीनमधून काढायचं, आणि तेव्हा तर स्टेशनला गेटसुद्धा नव्हते, सरळ चालत फलाटावर. मधूनच कधीतरी कोणी चेक करायला येतं एवढंच. बाबांनी तिकिटाची घडी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचली आणि म्हणाले, "मार्गतपासणीवाले कधीही चढतात."

थंडी मात्र नाहीच. जानेवारी तिथला रेकॉर्डमधला सगळ्यात उबदार गेलेला, झाडांना फुलं यायला लागलेली आणि माकडटोपी, दोन स्वेटर घालून बाबांना घाम फुटलेला. भावाने सायप्रस माऊंटनची, म्हणजे डोंगरावरच्या स्नोबोर्ड-स्कीच्या स्पर्धांची, तिकिटं काढून ठेवली होती, उभं राहून बघायची, पण तिथे पावसाने बर्फच वाहून गेलं, ट्रकने आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून, खाली गवताच्या गंज्या घालून त्यांनी स्पर्धेचा ट्रॅक कसाबसा तयार केला, पण प्रेक्षकांनी उभं राहायची जागा काही धड होईना म्हणून 28 हजार तिकिटं रद्द, त्यात आमची तीन. पैसे परत मिळाले. मला वाईट वाटलं, बाबांना काहीच नाही. त्यांना खेळापेक्षा माणसं कशी हलवतायत ते बघायचं होतं.

आणि ते खरंच बघण्यासारखं होतं. मुळात गाडी घेऊन येऊच नका असा सगळा बंदोबस्त, स्टेडियमजवळ पार्किंग नाही, रॉब्सन आणि ग्रॅनव्हिल रस्ते डाऊनटाऊनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागात, फक्त चालणाऱ्यांसाठी, हेस्टिंग्ससारख्या रस्त्यावर खेळाच्या गाड्यांसाठी वेगळी लेन. आणि ज्याच्याकडे मॅचचं तिकीट त्याला त्या दिवशी ट्रेन-बस फुकट. भाऊ तेव्हा दहा वर्षं तिथे राहत होता, म्हणाला काका, मी पहिल्यांदाच गाडी आठ दिवस घरी ठेवलीये. पण हे पण सांगतो, ऑफिसला जाणारे वैतागलेले होते, कॅनडा लाईनला नेहमीच्या दुपटीच्या वर गर्दी, सकाळी आम्ही पण दोन-तीन गाड्या सोडायचो.

रोज सकाळी सरेतल्या किंग जॉर्ज स्टेशनवरून एक्स्पो लाईन ही दुसरी मेट्रो पकडायची, ते शेवटचं स्टेशन त्यामुळे बसायला मिळतं, मग फ्रेझर नदीवरचा तो केबलचा पूल, आणि पाऊण तासाच्या आत वॉटरफ्रंट. तिथून पाच मिनिटांवर ऑलिम्पिकची ज्योत. तिच्यासमोर तारेचं जाळीचं कुंपण घातलेलं, लोक जाळीच्या भोकात कॅमेरा घालून फोटो काढतायत, यावरून पेपरात बरीच ओरड झाली तेव्हा कुंपण थोडं पुढे सरकवलं म्हणे. मग सीबस, म्हणजे प्रवाशांची बोट. समुद्राची खाडी ओलांडून 12 मिनिटांत पलीकडचा लॉन्सडेल की हा धक्का, ट्रेनच्याच तिकिटात. बाबा एका दिवसात चारदा गेले-आले, वेळ घड्याळात लावून.

पण त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे ट्राम. ग्रॅनव्हिल आयलंड ते ऑलिम्पिक व्हिलेज स्टेशन, जेमतेम दोन किलोमीटर, पूर्ण फुकट, आणि ट्राम कुठली तर ब्रसेल्सची, उसनी आणलेली! दोनच महिन्यांसाठी. "म्हणजे जत्रेला दुसऱ्या डेपोच्या जादा गाड्या मागवतो तसंच की," बाबा एकदम खूश. आणि इथे ड्रायव्हर होता, माणूस, त्याच्याकडे बघून बाबांनी हात केला, त्याने पण घंटी वाजवली. त्यानंतर रोज एक फेरी ट्रामची ठरलेलीच.

कर्लिंग राहिलंच. किंग एडवर्ड स्टेशनला उतरून पंधरा मिनिटं चाल, पण पत्ता विचारायची वेळच येत नाही कारण प्रत्येक कोपऱ्यावर निळ्या जॅकेटमधले स्वयंसेवक, त्यातल्या एका पंजाबी आजींनी बाबांना थेट हिंदीत रस्ता सांगितला. खेळ? बर्फावर गुळगुळीत दगड सोडायचा आणि दोघांनी पुढे पळत झाडू मारायचा. अडीच तास. बाबा अर्धा वेळ बाहेर पडायचे दरवाजे मोजत होते.

28 तारखेला दुपारी आईस हॉकीची फायनल, कॅनडाच्या क्रॉस्बीने ओव्हरटाईमला गोल मारला, कॅनडा 3 अमेरिका 2, आणि पुढच्या दहा मिनिटांत ग्रॅनव्हिलवर पाय ठेवायला जागा नाही. लाल जर्सी, लाल हातमोजे, अनोळखी माणसं मिठ्या मारतायत. मला नाचायचं होतं, बाबांनी माझं मनगट पकडलं आणि भिंतीच्या कडेकडेने स्टेशनकडे घेऊन निघाले. एक शब्द नाही. 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला नाशिकला चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली, तेव्हा बाबा ड्युटीवर होते, स्टँडवर, तिथून लांब, पण पुढचे कितीतरी तास लोक त्यांच्याच खिडकीशी येऊन आपली माणसं विचारत होते. घरी ते याबद्दल कधी बोलत नाहीत.

स्टेशनच्या तोंडाशी कर्मचाऱ्यांनी दोर धरलेला. शे-दीडशे माणसं आत सोडायची, दोर खाली, आतला फलाट मोकळा झाला की पुन्हा वर. मागे हजारो गातायत, पण पुढे कोणी रेटत नव्हतं. बाबा थांबले. आमचा नंबर आला तरी बाजूला होऊन त्यांनी दोर तीनदा खाली-वर होताना बघितला. "मोजून सोडतायत," एवढंच म्हणाले, मग माझं मनगट सोडलं.

किंग जॉर्जला उतरलो. जिन्याच्या खाली बाबांनी पट्ट्यातून तिकीट काढलं, घडी उलगडली आणि इकडे-तिकडे बघत उभे राहिले. बारा दिवसांत एकदाही कोणी बघितलं नव्हतं. शेवटी माझ्याच हातात दिलं.