कळपाची नोंद: तेलबिया विण्याआधी की व्यायल्यावर?

पहिलारू (पहिल्या वेताच्या गायी) सगळ्या व्यायल्या, वळू कळपात सोडला. गायी लवकर माजावर येऊन गाभण राहाव्यात म्हणून मी तेलबिया खाऊ घालतो. यंदा बदल एकच केला. तेलबिया व्यायल्यावर न देता विण्याआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत दिल्या, त्याही फक्त पहिलारूंना आणि बरगड्या दिसणाऱ्या गायींना. जाड गायींना दाणाही नाही. त्यांना चरबी खाऊ घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

गणित तुम्हाला पाठ आहेच. गाभणकाळ साधारण 283 दिवस, म्हणजे दरवर्षी वासरू हवं तर व्यायल्यावर 82 दिवसांत गाय गाभण राहायला हवी. त्यातला महिना-सव्वा महिना गर्भाशय पूर्ववत होण्यात जातो. वर आपल्या मांसल जातीच्या गायींचं वासरू दिवसभर आईला लुचतं. त्यामुळे मेंदूकडून येणारे एलएचचे (बीज सुटायला लावणाऱ्या संप्रेरकाचे) ठोके दबलेले राहतात आणि माज लांबतो. पहिलारूंची स्वतःची वाढही चालू असते, म्हणून त्या आणखी दोन ते चार आठवडे मागे पडतात.

व्यायल्यावर दिलेलं तेल बरंचसं दुधात जातं, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांत लिनोलेइक आम्ल भरपूर. कोठीपोटातले जंतू त्यातलं बरंच संपृक्त करून टाकतात, पण जे निसटतं त्यापासून शरीरात प्रोस्टाग्लँडिन एफ-2-अल्फा हे संप्रेरकासारखं द्रव्य बनतं. व्यायल्यावर गर्भाशय आवळायला ते कामाचं. पण गाय फळवल्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, गर्भ आपली चाहूल देत असतो तेव्हा, हेच द्रव्य वाढलं तर पीतपिंड (बीजांडकोशातली गर्भ टिकवून धरणारी गाठ) विरघळतो. लिनोलेइकयुक्त करडई व्यायल्यावर दिलेल्या गायींत पहिल्या फळवणीचा गर्भधारणा दर घटल्याचं प्रयोगांत दिसलेलं आहे. जवस आणि माशाच्या तेलातली ओमेगा-3 आम्लं उलट दिशेला काम करतात, पण ती सध्या माझ्या यादीत नाहीत.

खुराक साधा ठेवला: भरडलेलं सोयाबीन, गायीमागे दीड किलो. त्यात तेल 19 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम. चाऱ्यातली चरबी धरून अकरा किलो शुष्क आहारात एकूण पाच टक्क्यांच्या आत राहते. सहा-सातच्या वर गेलं की तंतू नीट पचत नाहीत आणि शेण लगेच सांगतं. कच्चं सोयाबीन असेल तर युरिया बंद. सरकी मुद्दाम टाळली, कारण वळूही त्याच गव्हाणीत तोंड घालतो आणि तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्याच्या शुक्रजंतूंना बाधतं. बायपास फॅटची (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणाऱ्या चरबीची) पिशवी आणली होती. गायींनी साबणासारखा वास घेतला आणि मान फिरवली.

आता माजाचं. ज्या पहिलारू पाच किंवा वरच्या बॉडी स्कोअरला व्यायल्या (अंगावरच्या चरबीचे गुण, नऊच्या मोजपट्टीवर), त्या बऱ्याच लवकर माजावर आल्या. चारवाल्या तेल खाऊनही मागेच आहेत. म्हणून श्रेय सोयाबीनला द्यायला माझा हात रेटत नाही. त्यात तेलाबरोबर प्रथिनंही जातात, ऊर्जाही जाते. एवढंच म्हणेन की चारच्या गायीला तेलाने पाच करता येत नाही. ते काम चाऱ्याने आणि बऱ्याच आधीपासून करावं लागतं.

काही जणींचा पहिला माज आठ-दहा दिवसांतच परत आला. ती गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, असं धरू नका. व्यायल्यावरचा पहिला पीतपिंड बहुधा अल्पायुषी असतो, पुढचं चक्र नेहमीचं एकवीसच्या घरातलं येतं. बळस (माजावरचा चिकट स्राव) स्वच्छ आहे एवढं मात्र बघा.

वळू बाहेर काढल्यावर दोन महिन्यांनी डॉक्टर तपासायला येतील. गाभण-मोकळ्या गायी स्कोअरनुसार वेगळ्या मांडेन, पहिलारू वेगळ्या. पुढच्या हंगामात अर्ध्या पहिलारूंना सोयाबीन आणि अर्ध्यांना तेवढ्याच ऊर्जेचा, तेवढ्याच प्रथिनांचा बिनतेलाचा खुराक द्यायचा बेत आहे. मका आणि तेल काढलेली पेंड मिसळून तो जमेल असं वाटतं. कुणी असं मिश्रण बसवलं असेल तर प्रमाण कळवा.