सहावी ट्यूब

उद्यमनगरात मोटर वाइंडिंग आणि पॅनेलची कामं रोजचीच. निक्सी ट्यूब, म्हणजे आत पेटणारे आकडे असलेली काचेची जुनी नळी, टेबलावर आली की मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवतो. फौंड्रीवाले एक काका जुना रशियन फ्रिक्वेन्सी मीटर (सेकंदाला किती कंपनं होतात ते मोजणारा) घेऊन आले होते. त्याचे आकडे अशाच ट्यूबांवर दिसायचे. डिस्प्ले पूर्ण काळा.

"नवा एलईडी डिस्प्ले बसवा, न्हाईतर भंगारात घालतो," काका म्हणाले.

"थांबा की काका. आधी ट्यूबा जित्त्या हायत का बघूया."

मीटरचा हाय व्होल्टेज पुरवठाच बसला होता, त्यामुळं ट्यूबा बाहेर काढून तपासायच्या होत्या. आयएन-१२ जातीच्या सहा ट्यूबा. आत निऑन, पुढं बारीक जाळी आणि तिच्यामागं एकामागे एक रचलेले तारेचे दहा आकडे. यातला ५ म्हणजे उलटा बसवलेला २ असतो, भिंगातून बघितलं की लगेच कळतं.

गॅस पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात. पेटला की व्होल्टेज १४०च्या आसपास उतरतं आणि गॅस करंट मिळेल तेवढा ओढत सुटतो. म्हणून करंट रोखणारा रेझिस्टर हवाच. आमच्याकडचं पोरगं म्हणालं, "दादा, डासाची बॅट लावूया की!" लावू दिली नाही. बॅटमधला कपॅसिटर एका दमात रिकामा होतो, त्यात करंटवर ताबा राहत नाही. घरची २३० व्होल्टची लाइन थेट डायोडमधून घेणारेही असतात. ती ३२५ पर्यंत जाते आणि हात लागला तर माणूस जातो. मला ते अजिबात पटत नाही.

मी ५०० व्होल्टचा हँडलवाला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, काढला. त्याची ताकदच एक-दोन मिलीअँपची, ट्यूबला तेवढी झेपते. जाळीला प्लस, आकड्याच्या पिनेला मायनस. पोरानं हँडल मारलं आणि नारिंगी ३ उमटला. काका खुर्चीतून उठून पुढं आले. पाच ट्यूबा पेटल्या, सहावी ढिम्म.

"तिच्यात हवा गेली असंल," काका म्हणाले. मला तसं वाटेना, काच कुठंही तडकली नव्हती. वर्षानुवर्षं बंद पेटीत पडलेल्या ट्यूबला पेटायला पहिले दोन-चार इलेक्ट्रॉन लागतात आणि गडद अंधारात ते सहज मिळत नाहीत. आमची मागची खोली तशीच अंधारी, त्यात पावसाळी संध्याकाळ. मी टॉर्च थेट तारांवर मारली.

"मार हँडल!"

क्षणभर काही नाही. मग ७ पेटला. काकांनी पोराच्या पाठीवर थाप मारली.

७चा खालचा पाय मात्र काळाच होता. क्वचित वापरलेल्या आकड्यावर शेजारच्या तारांचा धातू उडून बसतो, तेवढा भाग पेटत नाही. जरा जास्त करंट दिला की तो धातू उडून जातो. त्यासाठी दोन १२ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडले, म्हणजे घरच्या लाइनशी थेट संबंध तुटला. पुढं एसीचा डीसी करणारा ब्रिज आणि ४५० व्होल्टचा कपॅसिटर. मल्टिमीटरवर २८० व्होल्ट डीसी आले. नेहमी ५६ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो, करंट वाढावा म्हणून मी ३९चा लावला आणि फक्त ७ पेटता ठेवला. तो पाय वरून खाली हळूहळू भरत गेला.

काकांनी एलईडीचं नाव परत काढलं नाही. नवा पुरवठा बांधून मीटर त्यांच्या हवाली केला.