गॅलरीतल्या जाजमासाठी दोरी निवडताना

क्रोशाचं जाजम करायचं म्हटलं की आपण सगळ्याजणी आधी रंग बघायला लागतो. जाजम गॅलरीत किंवा गच्चीत घालायचं असेल, तर रंग शेवटी ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. पहिला प्रश्न एकच: भिजल्यावर हे वाळणार कधी?

माझी गॅलरी घोडबंदर रोडला आहे, पश्चिमेकडची. एप्रिल-मे महिन्यांत दुपार झाली की लाद्यांवर पाय ठेववत नाही, आणि जून लागला की नैर्ऋत्येचा वारा पावसाची झड थेट दारापर्यंत आणतो. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथल्या जाजमाला ऊन आणि पाणी दोन्ही सोसावं लागतं.

जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्यांचं जाजम माझं सगळ्यात लाडकं. पायाला इतकं मऊ दुसरं काही लागत नाही. पण सूत पाणी धरून ठेवतं. जुलैत ते वाळतच नाही, आधी कुबट वास येतो, मग काळे ठिपके पडतात. ते घरातच शोभतं. तागाच्या सुतळीचंही तेच, शिवाय सतत ओल लागली की ताग कुजतो. काथ्या मात्र टिकाऊ. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारा, सहज न कुजणारा घटक, भरपूर असतं. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजत ठेवून तो काढतात, तरी धागा शाबूत राहतो. पण क्रोशाच्या सुईवर तो चालत नाही, बोटं सोलवटतात, आणि नवा काथ्या भिजला की पांढऱ्या लादीवर तांबूस डाग सोडतो. पायपुसण्यासाठी विणलेलाच आणावा.

उरते पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची दोरी. तिचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. झटकून कठड्यावर टाकली की टाक्यांत अडकलेलं पाणी निथळून जातं. जांभळी नाक्याच्या बाजारात दोरीच्या दुकानांतून बऱ्याचदा सगळंच ‘नायलॉन’ म्हणून मिळतं, म्हणून मी सरळ विचारते, “काका, एक तुकडा पाण्यात टाकून बघू का?” “बघा ना ताई,” म्हणतात, नाही कोण म्हणतंय! तुकडा पाण्याखाली नीट पिळून आतली हवा काढायची आणि सोडायचा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते वर येतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाला जातात. वर येणारी दोरी फार गुळगुळीत आणि ताठ असेल, गाठ धरत नसेल, तर ती बहुधा पॉलिइथिलीनची; ती विणायला नको. आणि मॅक्रमेची, म्हणजे गाठी मारून करायच्या विणकामाची म्हणून जी सुंदर दोरी मिळते ती बहुतेक वेळा सुती असते, हे लक्षात असू द्या.

पॉलिप्रॉपिलीनचा शत्रू ऊन. गच्चीवर वाळवणाला वापरलेली प्लास्टिकची चटई आठवा. काही उन्हाळे गेले की तिच्या काड्या बोटाने दाबल्या तरी तुटतात आणि हाताला पांढरी पूड लागते. तेच इथे होतं. म्हणून दोरीत अल्ट्राव्हायोलेट किरणांपासून संरक्षण देणारं रसायन घातलंय का, हे विचाराच. काळ्या दोरीत काजळी असेल तर ती सगळ्यात जास्त टिकते, कारण काजळी किरण स्वतःच शोषून घेते. पण काळं जाजम मे महिन्यात तापतं, म्हणून मी काठ काळा घेते आणि मधला भाग फिका. जिथे दिवसभर ऊन आहे अशा गच्चीला मी वजन आणि खर्च सोसून पॉलिएस्टरच सांगेन, ते उन्हाला जास्त दाद देत नाही. आणि पूड निघायला लागली की जाजम लगेच काढून टाका. ते प्लास्टिकचे कण मोरीतून खाडीत जायला नकोत.

वीणही सैल हवी. मुक्या खांबांची, म्हणजे आखूड टाक्यांची घट्ट वीण दिसते छान, पण खाली पाणी कोंडतं आणि लादीवर शेवाळ धरतं. मी साध्या खांबांमध्ये, म्हणजे त्याहून उंच टाक्यांमध्ये, एकेक साखळी सोडते, सुई दोरीच्या मानाने मोठी घेते. दोरी सगळी एकाच लॉटमधली घ्या, नंतर आणलेल्या रिळाची छटा हमखास वेगळी निघते. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करायची, तेही उघड्या हवेत, आणि वितळलेल्या टोकाला लगेच बोट लावायचं नाही.