मधली जागा

सप्टेंबरचा पहिला आठवडा उलटला की आमच्या ध्यानमंडळातल्या पुरुषांचे हात शिवशिवायला लागतात. कुणी माळ्यावरच्या पाठपिशव्या खाली काढतो, कुणी वल्ह्यांना तेल चोळत बसतो, कुणी ताडपत्री उजेडात धरून भोकं शोधतो. मंडळाची बाकीची शिबिरं वर्षभर चालूच असतात, शहरात, छपराखाली, आसनावर बसून. पण अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात बाउंडरी वॉटर्सला होणारं कनूचं, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होड्यांचं, शिबिर म्हटलं की एरवी मागच्या कोपऱ्यात गप्प बसणारी माणसंही आपणहून फोन करतात, यंदा परमिट कुठल्या तळ्यावरून मिळालं म्हणून.

हा मुलूख कॅनडाच्या सरहद्दीला लागून आहे. दहा लाख एकरांहून जास्त जंगल आणि त्यात हजारावर तळी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी खांद्यावर घेऊन मधली पायवाट तुडवायची, तिला पोर्टेज म्हणतात. रस्ते नाहीत, आणि बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी. १९६४ च्या अरण्य कायद्याने या प्रदेशाला संरक्षण दिलं, १९७८ साली त्याच्यासाठी वेगळा कायदा झाला. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी इथे कमी उंचीवरून विमानं उडवायला मनाई केली होती. हे सांगायचं कारण असं की तिथे पहाटे जी शांतता भेटते ती आपोआप उरलेली नाही. माणसांनी वर्षानुवर्षं भांडून ती राखली आहे. आम्ही तिच्यात जाऊन बसतो तेव्हा त्या भांडणाऱ्यांचं ऋण मला नेहमी जाणवतं.

तिथला आणखी एक नियम असा की एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. आम्ही नऊजण जातो. तीन होड्यांत दोघं दोघं, आणि चौथीत तिघं. तिसऱ्याला वल्हं नसतं. तो सामानाच्या दोन पिशव्यांच्या मधे, होडीच्या तळाशी, गादीच्या तुकड्यावर मांडी घालून बसतो. वजन खाली असल्यामुळे होडी उलट जास्त स्थिर चालते. पहिल्या काही वर्षांत त्या जागेवर बसायला कुणी राजी नसायचं. धडधाकट माणसाने दुसऱ्यांच्या कष्टावर बसून जायचं, हे कुणालाच पटेना. मग आमच्या आचार्यांनी पायंडाच पाडला: मधली जागा ही ध्यानाची जागा. रोज एकाने तिथे बसायचं, काहीही करायचं नाही, श्वास बघायचा, पाणी बघायचं. कोण बसणार ते आचार्य सकाळी नुसत्या बोटाने दाखवतात.

शिबिर फक्त पुरुषांचं का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि विचारावं असाच तो प्रश्न आहे. मंडळाची इतर सगळी शिबिरं सर्वांसाठी खुली आहेत. स्त्रियांचंही स्वतंत्र शिबिर होतं. पण कनूमध्ये बसलं की दोघांचीही तोंडं एकाच दिशेला असतात. पुढच्याला मागचा दिसत नाही, मागच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. समोरासमोर खुर्च्या मांडून "मनातलं बोला" म्हटलं की ज्यांची वाचा बसते, तीच माणसं पाण्याकडे बघत, हात चालू ठेवून, आयुष्यात कुणाला न सांगितलेलं सांगून मोकळी होतात. हे मी इतक्यांच्या बाबतीत बघितलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही, कृतज्ञता मात्र वाटते.

दिवस उजाडायच्या आधी छोटी पितळी घंटा वाजते. तंबूतून बाहेर पडून आम्ही तळ्याकाठच्या उतरत्या खडकावर जाऊन बसतो. तो खडक दोन अब्ज वर्षांहून जुना, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला. बूड गार पडतं, पण घोंगडी असते. सप्टेंबरात पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे तळ्यावर धुकं उभं राहतं आणि पलीकडचा काठ काही काळ नाहीसाच होतो. दुपारपर्यंत आर्य मौन, म्हणजे साधनेसाठी पाळायचं मौन. चहा, आवराआवर, होड्या पाण्यात लोटणं, सगळं खुणांवर चालतं. मोठी तळी सकाळीच ओलांडायची असतात, कारण दुपारकडे वारा उठतो आणि लाटा होडीच्या काठाला लागतात. त्यामुळे मौनाची वेळ आणि वल्हवण्याची वेळ एकच होते, आणि मला वाटतं या शिबिराचं खरं मर्म तिथेच आहे. आसनावर तासभर मनाशी झगडणारा माणूस वल्हं हातात आलं की अर्ध्या तासात श्वासाशी जुळतो. पुढचा लय धरतो आणि पाण्याखालच्या खडकांवर नजर ठेवतो. मागचा दिशा सांभाळतो: प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचं पातं किंचित बाहेरच्या बाजूला वळवायचं, नाहीतर होडी एका अंगाला जात राहते. वळवणं जरा जास्त झालं की होडी अडखळते, कमी झालं की भरकटते. हे लक्ष ज्याला सकाळभर टिकवता आलं त्याला आनापानाबद्दल, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवण्याबद्दल, वेगळं काही समजावावं लागत नाही.

पोर्टेज मात्र कुणालाच सोपं जात नाही. आमच्या होड्या केव्हलार नावाच्या हलक्या पण चिवट कृत्रिम धाग्याच्या, वजनाने वीसेक किलोच्या. पाण्याच्या काठाशी उभं राहून होडी मांडीवर घ्यायची, तिथून एका हिसक्यात उलटी करून डोक्यावर, आणि मधलं लाकडी जू दोन्ही खांद्यांवर टेकवायचं. आता डोकं होडीच्या आत. समोर दिसते ती पावलापुढची दोन-तीन हात वाट: मुळं, चिखल, ओला दगड, पुढच्याच्या बुटाची टाच. आवाज घुमतात, स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो. नकाशावर या वाटांची लांबी रॉडमध्ये दिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीएवढं अंतर. शंभर रॉडची वाट असली की मंडळी खांदे चोळायला लागतात.

पहिल्या लांब पोर्टेजच्या तोंडाशी आचार्य दरवर्षी तराफ्याचा दृष्टान्त सांगतात. बुद्धांनी भिक्खूंना विचारलं होतं, एका माणसाने गवत-काटक्यांचा तराफा बांधून नदी ओलांडली आणि मग उपकाराची आठवण म्हणून तो डोक्यावर घेऊन चालू लागला, तर ते शहाणपणाचं होईल का? नाही. धम्मही तसाच तरून जाण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. एका वर्षी नव्याने आलेला तरुण मुलगा होडी डोक्यावर घ्यायच्या तयारीत उभा होता, त्याने अगदी कळकळीने विचारलं, मग आपण ही का वाहायची? आचार्य म्हणाले, "पुढे अजून एक तळं आहे म्हणून." तो मुलगा आता दरवर्षी येतो, आणि ती वाट आली की आम्ही सगळे त्याच्याकडे बघतो.

शीलांचा, म्हणजे जीवहिंसा टाळण्यासारख्या आचरणाच्या नियमांचा, विचार इथे पुस्तकात राहत नाही. ही तळी माशांसाठी नावाजलेली, पण आमच्या शिबिरात गळ नसतो. डास-चावऱ्या माश्यांचा जोर जून-जुलैत असतो, म्हणून मुद्दाम सप्टेंबर निवडला, कारण हात न उगारता बसायचं तर निदान परिस्थितीने थोडी साथ द्यायला हवी. अन्न अस्वलांच्या हाती लागणार नाही अशा पिंपात ठेवायचं, काचेच्या बाटल्या न् पत्र्याचे डबे आणायचेच नाहीत, राखेशिवाय मागे काही सोडायचं नाही. यातलं बरंचसं सरकारी नियमातच आहे. पण पिंप नीट बंद केलं नाही तर माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी गोळीने मरतं, हे एकदा समजलं की झाकण बंद करणं हाही अहिंसेचाच भाग होतो.

आणि हे रान ओसाड, निर्मनुष्य कधीच नव्हतं, हे प्रत्येक शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी बोललं जातं. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावरून गेले. आम्ही वापरतो त्या कित्येक वाटा त्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. १८५४ च्या तहाने त्यांनी हा प्रदेश अमेरिकी सरकारला दिला, शिकारीचे, मासेमारीचे, रानातलं गोळा करण्याचे हक्क मात्र राखून ठेवले. ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ तळ्यांत जंगली भात तयार होतो, त्यांच्या भाषेत मनोमिन. एकजण लांब बांबूसारख्या काठीने होडी पुढे रेटतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या होडीवर वाकवून दाणे झाडतो. जे दाणे पाण्यात पडतात तेच पुढचं बियाणं. नॉर्थ हेगमन तळ्याच्या कड्यावर लाल रंगातली जुनी चित्रं आहेत, माणूस, मूस (तिथलं थोराड हरीण) आणि होड्या. तिथे आम्ही होड्या थांबवतो, काही म्हणत नाही, हात लावत नाही, आणि निघतो.

अनित्य शिकवायलाही तिथे प्रवचन लागत नाही. १९९९ च्या ४ जुलैला आलेल्या वादळाने या जंगलातली साडेचार लाखांहून जास्त एकरांवरची झाडं काही तासांत आडवी केली. २०११ मध्ये पगामी क्रीकचा वणवा पेटला आणि नव्वद हजार एकरांहून अधिक रान जळालं. त्या जळलेल्या भागातून आम्ही गेलो तेव्हा काळ्या खोडांखाली जॅक पाइनची वीतभर रोपं दाट उगवली होती. या झाडाच्या बऱ्याच शंकूंवर राळेचा लेप असतो आणि आगीच्या धगीने तो वितळल्याशिवाय बी सुटत नाही. आमच्यातला एक निवृत्त मास्तर तिथे खाली बसून बराच वेळ ती रोपं बोटाने हलवून बघत राहिला. आम्ही त्याला हाक मारली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. वायरिंगची कामं करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ एका वर्षी आले. वसंतात त्यांची बायको गेली होती. पहिले दोन दिवस त्यांनी कुणालाही काम करू दिलं नाही. लाकडं तेच फोडणार, पाणी तेच गाळणार, पोर्टेजवर दोन खेपा तेच मारणार. तिसऱ्या सकाळी आचार्यांनी बोट दाखवलं ते त्यांच्याकडे. त्यांनी मान हलवली, नाही म्हणाले. आचार्यांनी बोट तसंच धरून ठेवलं. शेवटी ते आमच्या होडीत मधे बसले. मी मागे होतो, मला त्यांची रुंद पाठ दिसत होती. बराच वेळ ते ताठ बसले, हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखे. मग डावा हात काठावरून खाली सोडला. बोटं पाण्यात, आणि मागे चार बारीक रेघा उमटत होत्या. तळं अर्धं ओलांडलं असेल नसेल, ते बोलायला लागले. मौनाची वेळ होती. त्यांना कुणी आठवण करून दिली नाही. तिचे बागेत घालायचे बूट अजून मागच्या दाराशी आहेत, चिखल लागलेले, ते उचलवत नाहीत, म्हणाले. मग इस्पितळातल्या रात्रींबद्दल सांगितलं. पुढच्याने वल्हं थांबवलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही, लय तेवढी हळू केली. मीही त्या लयीवर आलो. काठ लागेपर्यंत ते बोलत होते. उतरल्यावर त्यांनी पहिली पिशवी उचलायला हात पुढे केला, आणि मग स्वतःच मागे घेतला.

पुढच्या वर्षी ते मागच्या जागेवर बसले होते आणि त्यांच्यापुढे, मधल्या जागेवर, नोकरी गेलेला एक नवखा माणूस होता.

रात्री शेकोटीभोवती आम्ही गोल बसतो. एक वल्हं हातातून हातात फिरतं. ज्याच्या हाती वल्हं तो बोलतो, बाकीचे ऐकतात. सल्ला द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. वडिलांविषयी जितकं बोलणं मी त्या शेकोटीपाशी ऐकलं तितकं उभ्या आयुष्यात कुठे ऐकलं नाही. कुणाचे मारणारे, कुणाचे मुके, कुणाचे फार लवकर गेलेले. त्या दिवसांत लून पक्ष्यांचे मोठे नर-माद्या दक्षिणेला निघू लागलेले असतात आणि त्या वर्षीची पिल्लं तळ्यावर मागे राहतात. ती नंतर, कुणी न शिकवता, त्याच वाटेने उडून जातात. अंधारात एखाद्या पिल्लाचा आवाज आला की वल्हं ज्याच्या हातात असेल तो क्षणभर थांबतो.

गेल्या वर्षी एकजण आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आला. दोघांमधे फार दिवस धड बोलणं नव्हतं. आचार्यांनी त्यांना एकाच होडीत घातलं, मुलगा पुढे, बाप मागे. पहिल्या दिवशी होडी नागमोडी गेली. बाप प्रत्येक फटक्याला मुलाची चूक सुधारायला बघायचा. दुसऱ्या दिवशी आचार्यांनी त्यांच्या जागा बदलल्या. आता बाप पुढे, दिशा मुलाच्या हाती, आणि बापाला मागे काय चाललंय ते दिसेना. तास-दीड तास गेला असेल, बाप न वळता मोठ्याने म्हणाला, "छान चालवतोयस." मौन मोडलं म्हणून कुणाला राग आला नाही.

यंदाचं परमिट जानेवारीअखेर बुकिंग उघडलं त्याच सकाळी त्या मुलाने काढलं. आचार्यांचे गुडघे आता पोर्टेज झेपण्यासारखे राहिलेले नाहीत, म्हणून मधली जागा या खेपेला रोज त्यांचीच, असं आम्ही त्यांना न विचारता ठरवून टाकलं. कळल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एकच अट घातली: पायवाटेवर निदान वल्ही तरी त्यांच्याकडे द्यायची.