निझाम गेला, पण राज्य कोणाचं आलं?

हुकूमशहा पळाला की दुसऱ्या दिवशी सगळे म्हणायलेत, सुटले बिचारे, आली लोकशाही. मला हे पटत नाही. माणूस एका दिवसात जातो, पण बंदूक आणि जमीन कोणाच्या हातात राहिली ते बघा ना आधी.

म्यानमारचंच घ्या. २०१५ ला सू ची यांचा पक्ष दणक्यात निवडून आला, पण २००८ ची घटना लष्करानंच लिहिलेली, त्यात संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखीव आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागणार, म्हणजे लष्कर नाही म्हणलं की विषय संपला. २०२१ ला त्यांनी सगळंच परत हिसकावून घेतलं. इंडोनेशियात उलटं झालं. सुहार्तो ३२ वर्षांनी १९९८ ला गेला, पोलीस खातं लष्करातून वेगळं काढलं, संसदेतल्या लष्कराच्या जागा ३८ वर आणल्या आणि २००४ ला पार बंद केल्या. बोंबाबोंब नाही, हळूहळू, पण केलं.

आता आपल्याकडं, म्हणजे निझामाच्या हैदराबाद संस्थानात बघा, मराठवाडा त्यातच होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निझाम शरण आला, त्यानंतर आधी जनरल चौधरींचा लष्करी अंमल, मग १९५० ला वेल्लोडी मुख्यमंत्री, तेही दिल्लीनं नेमलेले सनदी अधिकारी. लोकांनी मत देऊन आणलेलं सरकार १९५२ चं, बुर्गुला रामकृष्ण रावांचं. आणि ज्याच्या विरोधात मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी तुरुंग भोगला तो निझाम १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा राज्याचा प्रमुख म्हणून होताच की!

मला विचाराल तर खेड्यात खरा फरक पडला तो १९४९ ला जहागिऱ्या गेल्या आणि १९५० ला कूळ कायदा आला त्यानं, कारण खेड्यातल्या माणसानं निझाम कधी बघितलाच नव्हता, बघितला होता तो वसुलीला आलेला जहागीरदाराचा माणूस. जमीन कोणाची आणि कसतो कोण हे कागदावर यायला लागलं. आजही जमिनीचा वाद तहसीलला गेला की पहिलं वाक्य हेच, चोपन्नचं खासरा पत्रक, म्हणजे १९५४ ची जमिनीची नोंद, काढून आणा.

पण मधल्या काळात जे झालं ते आपण बोलतच नाही. निझामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे सांगायलाच पाहिजे. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १९४८ ला भारतीय फौज संस्थानात शिरली त्यानंतर, उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हे पण सांगायला पाहिजे ना? केंद्रानंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि तो अहवाल कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. जुना अंमल मोडलेला, नवा अजून बसलेला नाही, अशा वेळी ज्याच्या मागं कोणी नाही तो मेला, आणि त्यातल्या कित्येकांचा निझामाच्या राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. शाळेत हे शिकवा, रझाकारांचा धडा शिकवता त्याच तासाला.