प्लग काढून बघितलं का?

"सिस्टर, दिवा लागलाय ना? मग झालं!" परळच्या एका वॉर्डात आज डिफिब्रिलेटरची (बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या मशीनची) तपासणी एवढ्यात आटोपली. स्टिकरवर तारीखही ताजी.

प्लग काढला आणि दोन मिनिटांत बॅटरीने मान टाकली.

विजेवर सगळंच ठणठणीत दिसतं. जुनी बॅटरी फुल चार्ज दाखवते, पण शॉकसाठी मशीन चार्ज करायची वेळ आली की बसते. पेशंटला लिफ्टने आयसीयूत नेताना कुठला आलाय सॉकेट?

रोज एकदा प्लग काढा, बॅटरीवरच टेस्ट शॉक द्या. किती ज्यूलचा (म्हणजे किती ऊर्जेचा), ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. मशीनमधून निघालेली छापील पट्टी वहीत चिकटवा. आणि प्लग परत लावा, तोच नेमका राहतो! छातीवर चिकटवायच्या पॅडची एक्स्पायरीही बघा. पाकीट फुटलं की जेल सुकतं.

तुमच्या वॉर्डात हे शेवटचं कधी झालं?