हयातीचा दाखला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ट्रेनिंगला गेलं की जेवणाच्या सुट्टीत एखादी तरुण सहकारी डबा घेऊन शेजारी येऊन बसते आणि हळूच विचारते, "मॅडम, तुम्हाला बर्नआउट झालं होतं म्हणे. नुसता थकवा नाही, हे कळलं कसं?" मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेते, कारण खरं उत्तर जरा लाजिरवाणं आहे.

थकव्यावरून नाही कळलं. थकवा वीस वर्षांचा जुना होता. डोंबिवलीहून दादरला रोज लोकलने जाणारी बाई दमली, यात बातमी काय? लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो लोक मोठ्या कौतुकाने छापतात. मला त्यात कौतुक कधी दिसलंच नाही. घरी पोचायच्या आधीच रात्रीचा स्वयंपाक सुरू झालाय, एवढंच दिसतं.

कळलं ते २०२३च्या नोव्हेंबरात. मी तेव्हा बँकेत काउंटरवर होते. बँकेत नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. हयातीचा दाखला दिल्याशिवाय पेन्शन पुढे चालू राहत नाही. एक आजी आल्या. आयुष्यभर भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन काही घेईना. अंगठे झाले, बोटं झाली. शेवटी म्हणाल्या, "अगं, मी जिवंत आहे हे तुला दिसतंय ना?" मी मानही वर न करता म्हटलं, "मला दिसून काय उपयोग? मशीनला दिसायला हवं." एरवी मी त्यांची बोटं पुसून, थोडं क्रीम लावून पुन्हा बघितलं असतं, नाहीतर सरळ कागदी फॉर्म भरून घेतला असता. तो मार्ग होताच. त्या दिवशी "उद्या या" म्हटलं आणि पुढचं टोकन पुकारलं.

गाडीत बसल्यावर वाईट वाटेल असं वाटलं होतं. ठाणं गेलं, मुंब्रा गेलं, काहीच वाटलं नाही. घाबरले ती त्यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीत तीन खुणा आहेत: शक्ती संपणं, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली खूण आपण सगळ्याच अंगावर काढतो. माझ्या मते बघायची ती दुसरी. दूध तळाला लागलं तरी वरून पांढरंच दिसतं, वासावरून कळतं, तसं.

त्या व्याख्येशी माझं एक भांडण मात्र आहे. ती म्हणते हा आजार नव्हे आणि हा शब्द फक्त नोकरीच्या संदर्भात वापरायचा. बरं, पण घरी परतल्यावर मी जे करते त्याला काय म्हणायचं? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. मुलांचं-म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजतात.

पण आधी रक्त तपासा, हे मी सगळ्यांना सांगते. आमच्या डॉक्टरांनी माझं काही ऐकून घेण्याआधीच हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ करायला लावलं. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. वय चव्वेचाळीस, पाळीत रक्तस्राव वाढलेला, आणि मी ते "आता या वयात होतंच" म्हणून सोडून दिलेलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. (चहाबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. मी महिनाभर चहाबरोबरच घेत होते.) तीन महिन्यांनी जिना चढताना धाप लागेनाशी झाली. आजींच्या वेळचा तो कोरडेपणा मात्र तसाच.

मधल्या काळात रजा घेऊन झाली. एकवीस दिवस. पहिला आठवडा झोपले. दुसऱ्या आठवड्यात माळा आवरला. तिसऱ्यात नणंद मुलांना घेऊन राहायला आली, "वहिनी, तू घरीच आहेस ना" म्हणत. रजेवरून परतले ती आधीपेक्षा दमून.

एका रात्री १४४१६ लावला. टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलतात. तिथल्या बाईंनी समुपदेशकाकडे जायला सांगितलं. समुपदेशक म्हणाल्या, आठवडाभर यादी करा. केलेल्या कामांची नको, लक्षात ठेवलेल्या गोष्टींची. चार पानं भरली. गॅसचा नंबर, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, दूधवाल्याचे खाडे, मुलाच्या क्लासची फी, कुणाच्या लग्नात किती आहेर आला होता. नवऱ्याने यादी वाचली आणि मनापासून म्हणाला, "अगं, सांगायचं ना, मी केलं असतं." सांगणं हेही कामच आहे, हे त्याला पटायला पुढचे दोन महिने गेले.

गॅसपासून सुरुवात केली. आमच्याकडे दोन सिलिंडर. दुसरं जोडलं त्याच दिवशी नंबर लावायचा, हा नियम वीस वर्षं फक्त माझ्या डोक्यात होता. आता गॅस त्याचा, पूर्णपणे; मी आठवण करायची नाही. अर्थातच एका रविवारी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस संपला. मला आधीपासून माहीत होतं. मी जीभ चावून गप्प बसले होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर. दोन दिवस शेजारच्या वहिनींची इंडक्शन शेगडी वापरली. त्यानंतर गॅस कधी संपला नाही. गोळ्यांचं मात्र मी असं केलं नाही. तिथे जिवाशी खेळ. गोळ्या मुलाकडे सोपवल्या आणि महिनाभर चोरून डबी तपासत राहिले.

एवढ्याने बरी झाले असं म्हटलं तर ते खोटं होईल. शाखेतल्या दोघांची बदली होऊन त्यांच्या जागी कुणी आलंच नव्हतं, आणि वर विमा विकण्याचं टार्गेट. वरच्यांनी उपाय काय केला? ताणतणावावर व्याख्यान ठेवलं, दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेच्या सुट्टीच्या दिवशी. हजेरी सक्तीची. मी तीनदा लेखी अर्ज दिला तेव्हा पाचव्या महिन्यात काउंटर सुटला आणि कर्जाच्या कागदपत्रांचं टेबल मिळालं. त्यासाठी प्रमोशनच्या परीक्षेला त्या वर्षी बसले नाही. त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

पुढच्या नोव्हेंबरात गर्दीला हातभार म्हणून दोन दिवस काउंटरवर बसले. त्याच आजी आल्या, पासबुक भरून घ्यायला. दाखला नातवाने घरीच मोबाईलवर चेहरा दाखवून केला होता. मी म्हटलं, "आजी, गेल्या वर्षी तुम्हाला 'उद्या या' म्हणाले ती मीच." त्यांनी चष्मा सारखा करून मला नीट बघितलं.

"उद्या या तर सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "तू त्यातली कुठली?"